ट्रॉलीला कुठं ब्रेक असतात?

वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. आमच्या निपाणी भागात ज्यानं ऊस पिकवलाय किंवा ओढलाय त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तरुणपणी मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रॅक्टर घेतला. एका हंगामात आमच्या रानातला ऊस आधी बाहेरच्या काट्यावर तोलला आणि मग कारखान्यात नेला. तिथं तो कमी भरला. मी काट्याच्या खोलीत घुसून टेबलावर हात आपटला. मला कुणी काही बोललं नाही. फक्त माझा ट्रॅक्टर रांगेतून बाजूला काढून उन्हात उभा केला. ऊस वाळत राहिला, वाळेल तसा आणखी हलका होत गेला, आणि शेवटी त्यांनी सांगितलेलं वजन मी मान खाली घालून कबूल केलं. 'काटा मारला' असं आम्ही म्हणतो. तो काटा माझ्या आत अजून आहे.

पुढं मी ट्रॉल्या भाड्यानं दिल्या, निपाणीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, घर बांधलं. सगळं घासाघीस करून. समोरचा तोंड उघडायच्या आत तो मला कुठं मारणार हे मी शोधायला लागतो. माझी मुलगी पुण्यात असते. ती म्हणते, "आप्पांना सगळं जगच काटेवालं वाटतं."

गेल्या वर्षी मे महिन्यात तिला, दोन नातवंडांना आणि बायकोला घेऊन मालवणकडं गेलो होतो. लॉजवाल्यानं फोनवर एक दर सांगितला आणि दारात दुसरा. मी आवाज चढवला. त्यानं किल्ल्या परत खिळ्याला अडकवल्या आणि खोल्या शिल्लक नाहीत म्हणाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बायको त्याच्या पायरीवर बसून होती, नातवंडं गाडीत रडत होती. आम्ही तसेच परत फिरलो. घरी आल्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात आम्ही येऊ. पण फिरायला तुमच्याबरोबर नाही." दर त्यानं बदलला होता, मी नाही. हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. माझा आवाज मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मग मी ठरवलं की लॉजवाल्याचं तोंडच बघायचं नाही, घरच सोबत न्यायचं. गाडीमागं जोडून ओढायचं चाकांवरचं घर, कॅराव्हान. आत पलंग, छोटा ओटा, आणि बायकोच्या गुडघ्याला चालेल असा कमोड. मुलीला फोन केला. 

"आंबोली घाटानं जाणार?" तिनं विचारलं.

"मग काय उडत जायचं?"

"मग माझी एक अट आहे. पोरं बसायच्या आधी ते घर सामानासकट काट्यावर घालायचं. वजन जास्त झालं तर उतारावर मागचं पुढच्याला घेऊन जातं, आप्पा. वजन बसत असेल तर आम्ही येतो. नाहीतर नाही."

"काट्यावर?"

"काट्यावर."

माझ्याच पोरीनं मला काट्यावर उभं करावं याचा मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. पण अट मान्य केली. दुसरा रस्ताच नव्हता.

बेळगावात उद्यमबागेत एकजण अशी घरं बांधतो असं कळलं. बायकोला घेऊन गेलो. शेडमालक माझ्याच वयाचा, तिकडच्या पद्धतीनं प्रत्येक वाक्याला 'री' लावणारा. तयार असलेलं घर त्यानं दाखवलं. रिकामं नऊशे किलो. माझी सात सीटची डिझेल जीप त्यानं बाहेर येऊन वाकून बघितली. म्हणाला, "अण्णा, बिनब्रेकचं घर असंल तर ह्या गाडीमागं भरून हजार किलोच्या वर न्यायचं न्हाय री. हे बसतंय, पण सामान जपून भरायचं."

भावावर आम्ही बसलो. दोनदा मी उठून दारापर्यंत गेलो. त्यानं हाक मारली नाही. तिथंच कळलं की माणूस पक्का आहे. भाव खाली येत नसेल तर वस्तू वर चढवायच्या, हा माझा नियम. बाहेर उघडायचं छप्पर मागितलं. मान हलवत दिलं. पाण्याची दुसरी टाकी मागितली. दिली. मोठी बॅटरी, वरचे दोन पलंग, स्टीलचा ओटा. प्रत्येक वस्तूला तो "अण्णा, वजन वाढंल री" म्हणत होता आणि ते मला दर वाढवायच्या आधीचं खोकणं वाटत होतं.

"आता मात्र घराला सोताचे ब्रेक लागतील," तो शेवटी म्हणाला. "ते धरूनच भाव सांगितलाय री."

"ट्रॉलीला कुठं ब्रेक असतात?" मी म्हणालो. "अख्खी जवानी ऊस ओढण्यात गेली माझी. एका हुकाला दोन-दोन ट्रॉल्या."

"ट्रॅक्टर सायकलच्या वेगानं जातोय री. तुमी जीपनं जाणार."

"ब्रेकचे पैसे धरलेत न्हवं? मग ब्रेक काढ आणि त्या जागी एसी बसव."

त्यानं माझ्या बायकोकडं बघितलं. बायको कोपऱ्यात ठेवलेल्या एसीकडं बघत होती. शेडमध्ये पत्रा तापला होता.

"बसवतो," तो म्हणाला. "पण मग जीप पुरणार न्हाय. माझ्या मेव्हण्याकडं एक डबल केबिनची पिकअप आलीया, दणकट—"

मी मोठ्यानं हसलो. मेव्हणा! इतका वेळ वजन-वजन का चाललं होतं ते उमगलं. "मालक," मी म्हणालो, "तुमच्या मेव्हण्याला सांगा, गिऱ्हाईक दुसरं बघ." आणि त्याच्या हातावर टाळी देऊन सौदा पक्का केला. त्या संध्याकाळी निपाणीला परतताना मी बायकोला चारदा ऐकवलं, काय काय फुकट घेतलं ते.

घर न्यायला गेलो तेव्हा ते रिकामंच होतं, टाकीत थेंब नाही. बेळगावबाहेरची काकती मागं पडेपर्यंत काही जाणवलं नाही. हायवेवर एक कंटेनर बाजूनं सुसाट गेला आणि मागचं घर डावीकडं हललं, मग उजवीकडं, आणि जीपचं बूड त्याच्याबरोबर सरकलं. मी वेग सोडला. ते हळूहळू सरळ आलं. बायकोनं वरची मूठ धरली होती.

"काय झालं?"

"वारं."

तवंदीचा घाट आला. निपाणीकडं येताना तो उतरायचा. हा रस्ता मी उसाच्या ट्रॉल्या घेऊन किती वेळा केलाय त्याला गणती नाही, पण तेव्हा पहिल्या गियरमध्ये ट्रॅक्टर घुरघुरत असायचा आणि मागच्या गाड्या शिव्या घालत असायच्या. आता जीप चौथ्यात होती. मी तिसरा टाकला, दुसरा टाकला. पाठीमागून कुणीतरी खांदा लावून ढकलत असल्यासारखं वाटत होतं. ब्रेक दाबला की आधी जीप थांबायला बघायची, आणि मग मागून धक्का यायचा. वळणावर तो धक्का तिरका आला. करपलेल्या रबराचा वास आत आला. समोर एक दुधाची गाडी होती. तिच्या मागच्या फळीवरचा रंगवलेला बैल मला शिंगांसकट मोठा होताना दिसला. मी हातब्रेक ओढला, जीप खडीवर घातली, आणि दुधाची गाडी पुढं निघून गेली.

खाली आल्यावर मी काच खाली केली.

"आज वारं लईच हाय," मी म्हणालो.

बायको बेळगावजवळच्या येळ्ळूर गावची. लहानपणापासून वाऱ्यावर भात उफणत आलेली. तिनं कडेच्या न हलणाऱ्या झाडांकडं बघितलं.

मुलीलाही मी काही सांगितलं नाही. फक्त दुकानातला सगळ्यात जाड हूक आणि पिन त्या घराला बसवली, आणि झोपेत तो रंगवलेला बैल बघत राहिलो.

मे महिन्यात मुलगी आणि नातवंडं आली. नातवंडं दिवसभर त्या घरात चढत-उतरत होती. धाकट्या नातीनं वरचा पलंग स्वतःच्या नावावर केला. निघायच्या सकाळी दोन्ही टाक्या भरल्या, गॅस, गाद्या, तांदूळ, बायकोची बिडाची कढई, सगळं चढलं. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आता काट्यावर."

हायवेच्या कडेला खाजगी काटा आहे. तिथं हूक सोडून एकटं घर काट्यावर ठेवलं. काट्याच्या खोलीत चष्मा लावलेली एक बाई बसली होती. बाहेरच्या बोर्डावर लाल आकडे पळाले आणि थांबले. चौदाशे तीस.

मुलीनं आकडा वाचला. मग माझ्याकडं बघितलं. "किती चालतं म्हणाला होता शेडवाला?"

"हजार," मी म्हणालो, आणि पुढचं आपोआप आलं. "पण हा काटा खोटा हाय."

"काका, काटा बरोब्बर हाय री," बाई खिडकीतून म्हणाली. "सकाळीच बघितलाय."

"सगळे असंच म्हणतात! काट्यावर बसून आजवर कोण खरं बोललंय?" माझा आवाज चढला. मागं थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. चहाच्या गाड्यावरची माणसं वळली. "मालकाला बोलव तुझ्या! आमाला शिकवतीस व्हय?"

"मालकीण मीच हाय री. काय शिकायचं ते बोला."

ड्रायव्हर हसला. मी खोलीच्या दाराकडं निघालो. मुलीनं नातवंडांना हाताला धरून जीपमधून खाली उतरवलं आणि पिशव्या काढायला लागली. ती लॉजच्या दारात होती तशीच होती, ओठ मिटलेले. ती आता बसस्टँडवर जाणार होती, हे मला स्पष्ट दिसत होतं, तरी माझे पाय थांबत नव्हते.

"अवो," जीपच्या खिडकीतून बायको म्हणाली. मोठ्यानं नाही. "काटा मारणारा कमी दाखवतोय न्हवं?"

"मग?"

"ह्यो जास्त दाखवायलाय. जास्त दाखवून त्या बाईला तुमच्याकडनं काय मिळणार हाय?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. मेव्हणा आठवला. बाई आणि शेडमालकाचा मेव्हणा यांची काही ओळख असेल, हेही डोक्यात येऊन गेलं. पण आयुष्यभर ज्या चोरीचा मी अभ्यास केलाय, तिच्यात हा आकडा कुठं बसत नव्हता.

"आणि त्या दिशी तवंदीला वारं न्हवतं," बायको म्हणाली.

मुलीचा हात पिशवीवर थांबला. "तवंदीला काय झालं?"

ट्रकवाल्यानं परत वर चढून हॉर्न दिला. मी घरात चढलो आणि दोन्ही टाक्यांच्या तोट्या सोडल्या. पाणी काट्याच्या फळ्यांवरून वाहत गेलं आणि बोर्डावरचे आकडे उतरायला लागले. मग छप्पर सोडवलं, गाद्या उतरवल्या, मोठी बॅटरी काढली. फुकट मिळवलेली एकेक वस्तू मी रस्त्याच्या कडेला मांडत होतो आणि सगळे बोर्डाकडं बघत होते. तरी आकडा हजाराच्या खाली येईना. एसी वर तसाच होता, आणि ब्रेक नव्हतेच.

"आप्पा," मुलगी म्हणाली, "बास."

ती पुण्याला गेली नाही. पण जीपमध्येही बसली नाही. म्हणाली, "आठवडाभर आहे मी इथं. त्यात होतंय का बघा."

उद्यमबागेत शेडमालक मला बघून उठलासुद्धा नाही. मी सांगितलं, एसी परत घे, ब्रेक बसव.

"तवा ब्रेक देत होतो, तुमी एसी मागितला. आता एसी देता, ब्रेक मागता. उद्या काय, चाकं परत करणार काय री?"

मी दातावर दात दाबून उभा राहिलो. ते मला कसं जमलं ते बायकोला विचारा, ती शेजारी होती. त्यानं वापरलेला एसी अगदी पडेल भावात घेतला आणि ब्रेकचा दर पूर्ण लावला. खरं सांगतो, काटा मारला त्यानं. मी ते विसरलेलो नाही. ब्रेक लागले तरी जीपला ते घर जडच होतं, पण पिकअप त्याच्या मेव्हण्याकडून घेतली नाही. जीप देऊन तशीच डबल केबिनची गाडी संकेश्वरच्या एका माणसाकडून घेतली, दुपारभर भांडून.

आठवड्याच्या शेवटी परत त्याच काट्यावर. एकच टाकी, बाहेरचं छप्पर काढलेलं, सामान निम्मं. अकराशे साठ. मुलीनं नव्या गाडीचे कागद उघडून ब्रेकवाला ट्रेलर किती वजनाचा ओढता येतो तो आकडा स्वतः वाचला, मग बोर्डाकडं बघितलं, मग परत कागदाकडं. मी तोंड उघडलं नाही.

"चढा रे," ती पोरांना म्हणाली.

काट्याची फी देताना बाईनं विचारलं, "आज काटा खरा हाय काय, काका?"

"आजच्यापुरता," मी म्हणालो.

गडहिंग्लज, आजरा, मग आंबोली. घाटाच्या तोंडाशी मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये घेतली. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. मागच्या घरानं एकदा कुरकुर केली आणि ते स्वतःच्या चाकांवर थांबल्यासारखं झालं. पाठीत धक्का आला नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. आरशात मुलगी दिसत होती, डोळे रस्त्यावर, धाकटीचा हात घट्ट धरलेला. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यानं कडेची झाडं पार वाकली होती.

"अवो," बायको म्हणाली, "आज वारं हाय काय?"

"हाय की," मी म्हणालो. "लई हाय. पण ढकलत न्हाय."