हाड मऊ होईपर्यंत

“डाव्या मांडीच्या हाडात डाग दिसतोय,” खोपोलीचे हाडांचे डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले. “दुधी काचेसारखा भाग आहे बघा, इथे. कडेला बारीक तडाही आहे. डाग साधा असेल, नाहीतर कॅन्सर असेल. बायोप्सी केल्याशिवाय मी काही बोलणार नाही.”

बायोप्सी म्हणजे जाड सुईने हाडाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. वाईट निघालं तर, असं मी विचारलं. मग मुंबईला पाठवावं लागेल आणि पाय वाचेलच असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. शेजारी बसलेली माझी बायको सुलभा टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

माझं कशेळ्याच्या बाजारात मटणाचं दुकान आहे. दिवसभर उभं राहायचं काम. मांडी दुखायला लागली तेव्हा मी तेल चोळलं, पट्टा बांधला. पाड्यांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांनी नाना तऱ्हेचे पाले सुचवले. हाडाचं काही असेल असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि रोज हाडं तोडणाऱ्या माझ्याही आलं नाही. एकदा जीपमधून उतरताना पाय टेकवेना, तेव्हा कुठे एक्स-रे काढला.

भूल देऊन तुकडा काढला आणि तो पनवेलच्या लॅबला गेला. डाव्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. वॉकर घेऊन घरी आलो. दुकानाचं शटर खालीच राहिलं.

आठवडा गेला. फोन केला तर “अजून तयार नाही.” दोन दिवसांनी पुन्हा केला, तेच उत्तर.

“वाईट असंल म्हणून सांगत नायत,” सुलभा म्हणाली. “आपल्याला गावचे समजून टोलवतायत.”

मलाही तसंच वाटत होतं. शेवटी मी फोनवर आवाज चढवला. “शेंगदाण्याएवढं हाड कापायला एवढे दिवस? माझं मटणाचं दुकान आहे, इकडं पाठवा, एका घावात कापून देतो.”

पलीकडे नेमक्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम होत्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा बघणाऱ्या डॉक्टर. माझा धंदा काय ते ऐकून त्या हसल्या. “आम्हाला केसाहून बारीक काप लागतो. टणक हाडाचा तसा निघत नाही. आधी ते आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. त्याला डिकॅल्सिफिकेशन म्हणतात. घाई केली तर तुकडा खराब होतो आणि मग काहीच कळत नाही. घरी कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये टाकून बघा. व्हिनेगर अधूनमधून बदला.”

रिकामाच होतो. चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरची बाटली मागवली आणि तंगडीचं हाड बरणीत टाकलं.

“अवो, पायाची ही गत नि तुमी हाडांचं लोणचं घालताय?” सुलभा म्हणाली.

काही दिवसांनी हाड बाहेर काढलं. आकार तोच, पण रबरासारखं वाकत होतं. मॅडमना पुन्हा फोन केला, या वेळी खालच्या आवाजात. त्यांनी समजावलं. हाडात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि त्या धाग्यांत कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. आम्लाने स्फटिक विरघळले, धागे उरले, म्हणून हाड वाकलं. उलटा प्रकार मला माहीत होता. चुलीत जळलेल्या हाडाचा आकार तसाच राहतो, पण चिमटीत धरलं की भुगा होतो. त्यात धागे जळतात आणि नुसतं खनिज उरतं.

माझी भीती काही गेली नाही. पण लॅबवाले लपवाछपवी करत नाहीत, एवढं सुलभाला पटलं. बरणी मात्र तिने घासली नाही, सरळ फेकून दिली.

रिपोर्ट आणायला दोघं पनवेलला गेलो. मॅडमनी दारातच सांगितलं, “कॅन्सर नाही.” सुलभा बाकावर बसून रडायला लागली. मला काय करावं कळेना, म्हणून मी उगाच दोन ग्लास पाणी प्यायलो.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. कडेला चांगलं हाड होतं. मधोमध छोटं भोक आणि त्याभोवती एकात एक गोल थर. भोकाला हॅवर्शियन कॅनॉल म्हणतात, त्यातून रक्तवाहिनी जाते. थरांसकट त्या सगळ्याला ऑस्टिऑन म्हणतात. थरांच्या मध्ये काळे ठिपके दिसले. त्या ठिपक्यांत पेशी राहतात आणि बारीक नळ्यांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. एका थरातले धागे एकीकडे कललेले, पुढच्या थरातले दुसरीकडे, म्हणून हाड वेगवेगळ्या बाजूंचा ताण सोसतं. मी इतकी वर्षं हाड म्हणजे मेलेली वस्तू समजत होतो. मटण तोडायच्या माझ्या ओंडक्यावर ते तसंच येतं.

त्यांनी काच सरकवली. आता गोल थर नव्हतेच. मऊ तंतूंमध्ये हाडाचे वेडेवाकडे तुकडे पसरले होते.

“फायब्रस डिस्प्लेजिया,” त्या म्हणाल्या. “चांगल्या हाडाच्या जागी तंतू आणि कच्चं हाड तयार होतं. बहुतेक लहानपणापासून असेल. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.”

खोपोलीला मांडीच्या हाडात आतून सळई घातली. डाग तिथेच राहणार आहे, अधूनमधून एक्स-रे काढत राहायचं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच सांगतो. हाडाच्या रिपोर्टला वेळ लागतो. उशीर झाला म्हणून मनात वाईट आणू नका, फोन करून कारण विचारा. आवाज मात्र माझ्यासारखा चढवू नका. त्या मॅडमनी माझं ऐकून घाई केली असती, तर तुकडा खराब झाला असता आणि काहीच कळलं नसतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशननंतर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता थोडा भार द्या. भार पडला की हाड भरतं.”

वॉकर धरून उभा राहिलो, पण पाय खाली जाईना. त्या पायाला मी मनातून केव्हाच सोडून दिलं होतं.

“टेकवा की,” सुलभा म्हणाली. “आपलाच हाय तो.”

टेकवला. कळ कमरेपर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं आणि मी हसत होतो. दुखायला पाय होता.