फुगडीतली चुकीची उडी

जामसंड्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सुनीतीबाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा अख्ख्या वाडीने तोंडात बोटं घातली. विषय तर असा, की सांगता सांगता चहा थंड व्हावा! पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचं जनुक एकटं नसतं. त्याच्या शेकडो प्रती ओळीने असतात. लाखो वर्षांत प्रत्येकीत वेगळ्या चुका शिरायला हव्यात, पण एका जातीच्या जिवांत त्या जवळजवळ सारख्याच राहतात. कशा, ते बाईंना गणितात बसवायचं होतं.

गणित कसलं बसतंय! त्यांनी प्रत्येक प्रतीला शेजारणीची नक्कल करायला लावली होती, प्रत्येक चुकीला वेगळा रंग दिला होता, आणि संगणकावर दरवेळी गोधडीसारखी रंगीत ठिगळंच उरत. "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदला," पुण्याच्या मार्गदर्शकांनी फोनवर सुनावलं. चार वर्षं पाण्यात! बाई रडकुंडीला आल्या.

गणपतीचे दिवस होते. शनिवारी शेजारची मथुरा त्यांना ओढतच फुगडीला घेऊन गेली. या वाडीच्या फुगडीत मध्येच सगळ्याजणी एक उडी मारतात. पलीकडच्या गावात ती नाही. गरगरतानाच बाईंनी विचारलं, "ही उडी खंयसून इली गो?"

"माझीच चूक ती! पायाक मुंगळो चावलो हुतो. माका बघून जोडीदारीण उडाली. मगे ती वाडयेच्या दुसऱ्या टोकाक नाचाक गेली, थंयची आणखी खंय..."

बाईंनी हातच सोडले. मथुरा धपकन अंगणात बसली.

"जोडी खंयच्याय घरची! नुसती शेजारची नाय!" ओरडत बाई घराकडे पळाल्या. संगणकावर आता कुठलीही प्रत ओळीतल्या कुठल्याही प्रतीची नक्कल करू लागली. बहुतेक चुका विरल्या, एक मात्र पसरत गेली, पसरत गेली, आणि पडदा एकरंगी! बाई एकट्याच टाळ्या पिटत नाचल्या.

सोमवारी मथुरा मुद्दाम बघायला आली. बाईंनी पुण्याशी जोडलेल्या कॅमेऱ्यासमोर आकडे मांडले, आणि समजावता समजावता उडीही मारून दाखवली. तिकडे पुण्यात दोन विद्यार्थिनींनी हात धरले, मग आणखी दोघींनी, आणि शेवटी मार्गदर्शक सरही उडाले! "विषय हाच ठेवा," ते धापा टाकत म्हणाले.

मथुरेने पदराने डोळे पुसले.

"अगो बाय माझे," ती म्हणाली, "माझी चूक पुण्याक पोचली!"