नांदगावपर्यंतचा श्वास

पट्टा मी थांबवला नाही, टेक्निशियन बाईंनी थांबवला. मी अजून चालायला तयार होते. जबडा दुखत होता, पण तो गेले पाच-सहा महिने दुखतच होता. त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून मी गप्प होते. बाईंनी स्क्रीनकडे बघून लाल बटण दाबलं, मला धरून पलंगावर झोपवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदाची लांब पट्टी दोन्ही हातांत ताणून धरली आणि शेवटपर्यंत वाचली.

"टेस्ट पॉझिटिव्ह आहे," ते म्हणाले. "हृदयाला रक्त कमी पडतंय. उद्या अँजिओग्राफी करून घेऊ."

या तपासणीला टीएमटी म्हणतात, म्हणजे ट्रेडमिल टेस्ट. फिरत्या पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, आणि छातीला चिकटवलेल्या वायरींतून ईसीजी निघत राहतो. पॉझिटिव्ह म्हटल्यावर मला क्षणभर बरं वाटलं होतं. दवाखान्यात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं वय चौपन्न. द्वारका चौकात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. तीस वर्षं मी टाचण्या ओठांत धरून काम केलं आहे. फिटिंग बघताना दोन्ही हात कापडात असतात, तेव्हा टाचण्या ठेवायला तोंडाशिवाय जागा नसते. त्यामुळे दुकानाचे जिने चढताना जबडा आवळल्यासारखा व्हायला लागला तेव्हा मी दोष टाचण्यांना दिला. इतकी वर्षं ओठ आवळून बसलं की जबडा दुखणारच, असा माझा हिशेब.

आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं, दात दाखव. हे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. दातांच्या डॉक्टरांनी सगळे दात ठोकून बघितले आणि विचारलं, "बसल्या जागी दुखतो की चढताना?" मी म्हटलं, चढताना. ते म्हणाले, "मग हे दातांचं नाही. आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे जा." साधा ईसीजी चांगला आला, म्हणून टीएमटी केली. बायकांना छातीत कळ येतेच असं नाही. जबडा, पाठ, दंड, नुसता थकवा, असंही होतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

अँजिओग्राफी म्हणजे मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आतले फोटो काढणं. नळी बहुतेक उजव्या मनगटातून घालतात. मी उजवा हात पुढे केलाच नाही. म्हटलं, "हा कात्रीचा हात आहे. डावा घ्या." डॉक्टर हसले आणि वळसा घालून डाव्या बाजूला आले. पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बरीचशी बंद निघाली. तिथेच अँजिओप्लास्टी केली. फुग्याने अडथळा दाबून त्या जागी स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी, बसवली. मी जागीच होते. छताला एक पंखा होता, तो चालू नव्हता.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दोन महिने दुकान नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि हळूहळू वाढवत रोज अर्धा तास कार्डिओ." कार्डिओ म्हणजे हृदय आणि फुप्फुसांना काम पडेल असा व्यायाम. "दोन महिन्यांनी परत टीएमटी करू. ती चांगली आली तर दुकान उघडा. नाही आली तर पुन्हा विचार करावा लागेल."

मुलगा सागर पुण्याहून आला होता. त्याने विचार आधीच केला होता. "आई, बास झालं आता. शिलाई मशिनं विकून टाकू. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय." त्याचं चुकत नव्हतं, तो घाबरला होता. मला मात्र राग आला. मी म्हटलं, "टेस्ट होईपर्यंत मशिनाला कुणी हात लावायचा नाही." तो बरं म्हणाला. म्हणजे माझं दुकान राहणार की जाणार, ते त्या पट्ट्यावर ठरणार होतं.

हॉस्पिटलात कार्डिअॅक रिहॅबची खोली असते. तिथे हृदयाच्या पेशंटला देखरेखीखाली व्यायाम शिकवतात. आठवड्यातून तीन दिवस मी तिथे जायचे. मृण्मयी नावाची फिजिओथेरपिस्ट होती, हसरी पण कडक. खोलीत चार मशिनं होती आणि तिने पहिल्या दिवशी चारही ओळखीची करून दिली.

रोइंग मशिन म्हणजे बसून वल्हं ओढायचं. ते तिने लगेच बाद केलं. ओढताना पेशंट नकळत जोर लावतात, इतक्यात नको. क्रॉस ट्रेनरवर पाय अधांतरी गोल फिरतात आणि हातांनी दांडे पुढे-मागे ढकलायचे असतात. गुडघ्यांना धक्का बसत नाही, पण हात-पाय एकदम कामाला लागले की दम लवकर लागतो. मला तीन मिनिटांत लागला. सागरला मात्र घरी तेच घ्यायचं होतं, कारण त्याच्या ऑफिसच्या जिममध्ये तेच आहे.

राहिली ट्रेडमिल आणि सायकल. ट्रेडमिलचं नाव काढलं तरी मला तो लाल बटणाचा दिवस आठवायचा. शिवाय माझं गणित सोपं होतं. पायाचं शिलाई मशिन मी थांबले की थांबतं. मोटारीचं मशिन मला ओढत नेतं. सायकल पहिल्या जातीची, ट्रेडमिल दुसऱ्या जातीची. मी ऐटीत सायकल निवडली. मृण्मयी म्हणाली, "ठीक आहे मावशी, बसा. पण सावकाश."

बाकीचे दिवस मी ह्यांच्याबरोबर सोसायटीच्या जिममध्ये जायचे. तिथे भिंतीवर तक्ता होता, कोणत्या वयाला नाडीचे ठोके किती हवेत त्याचा. सायकलच्या दांड्याला धरलं की समोर ठोके दिसायचे. चौपन्नाच्या रांगेत लिहिलेला आकडा आणि माझा आकडा यांत बरंच अंतर होतं. दिलेल्या मापापेक्षा कमी काम करायची मला सवय नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी सायकल जड केली, मान खाली घातली आणि आकड्यावर नजर ठेवून पॅडल मारायला लागले. आकडा हलेना. मी आणखी जड केली. मग समोरची भिंत बाजूला सरकायला लागली. ह्यांनी दंडाला धरून खाली बसवलं नसतं तर मी सायकलसकट पडले असते.

सरळ हॉस्पिटलात गेलो. ईसीजी झाला, रक्त तपासलं. निकाल येईपर्यंत दोन तास बाकड्यावर बसून होतो. हे दोन तासांत एकदाच बोलले, "चहा आणू का?" मी नको म्हटलं. सागरला कळवायचं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला खरंच भीती वाटली होती. मरायची तितकीशी नाही, दुकान गेलं याची.

रिपोर्ट चांगले आले. मृण्मयीने मला परत सायकलवर बसवलं, अगदी हलकी करून, आणि स्वतः समोर उभी राहिली. दोन मिनिटांत म्हणाली, "मावशी, तुम्ही श्वास घेतच नाही आहात."

"घेतेय की."

"नाही. ओठ मिटलेत, मान खाली, श्वास धरलाय. आता सोडलात. आता परत धरलात." मग तिने गोळीचं सांगितलं. मला जी बीटा ब्लॉकर गोळी होती ती ठोके वाढू देत नाही, तिचं कामच ते. त्यामुळे भिंतीवरचा तक्ता माझ्यासाठी नव्हताच. "ठोके तुमच्या गोळीने धरून ठेवलेत आणि श्वास तुम्ही. चक्कर नाही येणार तर काय!"

मला हसू आलं. टाचण्या तोंडात असताना कुणी तोंड उघडून श्वास घेत नाही. कापडावर कात्री चालवताना तर श्वास धरतातच, नाहीतर हात हलतो. सायकलवर बसले, मान खाली गेली, समोर आकडा आला, की माझ्या अंगाला वाटायचं शिवण चालू आहे. रिकाम्या तोंडातही मी टाचण्या धरून बसले होते.

"आकडा बघायचा नाही," मृण्मयीने सांगितलं. "टॉक टेस्ट करायची. व्यायाम चालू असताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. गाणं जमलं तर व्यायाम कमी पडतोय. वाक्य मध्येच तुटलं तर जास्त होतोय." आणि तिने मला ट्रेडमिलवर उभं केलं. तिथे मान वर राहते, समोर बघावं लागतं, शिवणीची सवय आड येत नाही. पट्टा अगदी हळू सुरू झाला.

"बोला," ती म्हणाली.

काय बोलायचं? काम करताना मी कधी बोललेच नाही. ती ह्यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही बोला यांच्याशी." हे आयुष्यभर 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशा पाटीखाली बसलेले. आमचं लग्न तेहतीस वर्षांचं, पण ते गाडीवर आणि मी मशिनवर. हे पट्ट्याजवळ आले आणि म्हणाले, "मी स्टॉप सांगतो. नांदगाव गाडीचे. तू माझ्यामागून म्हण."

द्वारका, आडगाव, दहावा मैल, ओझर, कोकणगाव, पिंपळगाव, शिरवाडे फाटा, वडाळीभोई, सोग्रस फाटा, चांदवड, मनमाड, नांदगाव. बारा नावं, सावकाश, बोलण्याच्या लयीत. नांदगाव तालुक्यातच ह्यांचं गाव, आणि हा ह्यांचा सोळा वर्षांचा रूट. पहिल्या दिवशी माझा ओझरला दम तुटला. ओझ म्हटलं आणि र राहिला.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "गाडी ओझरला थांबली म्हणायची. लय घाई नाय आपल्याला."

तिथून पुढे हाच आमचा पाढा झाला. नाव तुटलं की वेग कमी करायचा. आठवडाभर ओझर. मग पिंपळगाव. वडाळीभोईला आम्ही बरेच दिवस अडकलो. मध्येमध्ये हे एखाद्या स्टॉपची गोष्ट सांगायचे. सोग्रस फाट्याला टायर बसला तेव्हा कांद्याच्या पिकअपमधून पाण्याचे हंडे कसे आले, वगैरे. या गोष्टी मी तेहतीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तुझ्या तोंडात टाचण्या असायच्या. मला वाटायचं, कामात हाय."

हे ऐकून मी पट्टा थांबवला. दम लागला नव्हता, डोळे भरले होते. मृण्मयी धावत आली, तिला काही नाही म्हणून सांगितलं.

मग घरासाठी ट्रेडमिलच घेतली. घेणार असाल तर इंचपट्टी घेऊन जा. दुकानात सगळी मशिनं छोटी दिसतात. पट्ट्याच्या मागे भिंत लगेच नको, घसरलात तर मागे मोकळी जागा हवी. पट्ट्यावर माझं पाऊल पूर्ण पडतं का ते मी चालून बघितलं, बाजूचे दांडे धरायला भक्कम आहेत का तेही. मात्र दांड्यांवर भार टाकून चालू नका, ती फसवणूक होते. मशिनाला दोरीची एक चावी असते, ती कपड्याला चिमट्याने लावायची. पडलात तर चावी निघते आणि पट्टा थांबतो. साडी नेसून पट्ट्यावर चढू नका. मी स्वतःसाठी दोन आखूड सलवारी शिवायला घेतल्या. दुकान बंद होतं, म्हणून घरातल्या जुन्या पायाच्या मशिनवर. ह्यांना सायकल आवडते, ते जिममध्ये सायकलच चालवतात. ज्याचं अंग ज्या मशिनवर मोकळा श्वास घेतं, ते त्याचं मशिन, एवढंच मला या दोन महिन्यांत कळलं.

दोन महिने संपल्यावर परत टीएमटी. तीच खोली, त्याच टेक्निशियन बाई, तेच लाल बटण. सागर बाहेर बसला होता. पहिली तीन मिनिटं सोपी गेली. दुसऱ्या टप्प्यात चढ वाढला. तिसऱ्या टप्प्यात वेग वाढला आणि माझे ओठ आपोआप मिटले. मला ते कळलं. मी तोंड उघडलं आणि सुरू केलं, द्वारका, आडगाव, दहावा मैल.

बाई गोंधळल्या. "काय होतंय? थांबवू का?" त्यांचा हात बटणाकडे गेला.

"थांबवू नका," दाराशी उभे असलेले हे म्हणाले. "डायरेक्ट गाडी हाय."

वडाळीभोई गेलं. चांदवड गेलं. मनमाडला आवाज जड झाला, पण तुटला नाही. नांदगाव म्हटलं तेव्हा पट्टा चालू होता आणि जबडा मोकळा होता. डॉक्टरांनी कागदाची पट्टी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "छान. उघडा दुकान. मध्येमध्ये उठायचं मात्र." सागरने बाहेरच त्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मला विचारलं नाही, पण यावेळी मला राग आला नाही.

दातांच्या डॉक्टरांना मी पेढे देऊन आले. ते म्हणाले, पहिलीच पेशंट आहे जी दात न काढता पेढे घेऊन आली. मृण्मयीला तिच्या मापाचा ब्लाउज शिवून दिला.

सोमवारी बावीस पायऱ्या चढले, अकराव्या पायरीवर थांबून. हे मागे होते. मशिनांवरचं कापड काढलं, तेल घातलं. पहिली गिऱ्हाईक जुनी होती. तिला आरशासमोर उभं केलं, खांद्याला कापड धरलं आणि सवयीने टाचण्या ओठांत घातल्या. मग काढल्या. ह्यांना हाक मारली.

हे आले आणि तळहात पुढे करून शेजारी उभे राहिले. मी त्यांच्या तळहातावरून एकेक टाचणी उचलून लावत गेले. गिऱ्हाईक म्हणाली, "ताई, आज तुम्ही बोलताय चक्क."

"हो," मी म्हटलं, "दंड वर करा. आणि श्वास धरू नका."