एक टप्पा, एक हात

टॅक्सी गेटपाशी उभी होती आणि बाबा स्टुलावर चढून माझी क्रिकेटची किटबॅग माळ्यावर सरकवत होते. आई दोन सुटकेसच्या मध्ये उभी राहून भाजणी कुठल्या बॅगेत गेली आणि मेतकूट कुठल्या, याची उजळणी करत होती. दुपारचं विमान होतं. फिनलंडला नोकरी लागली होती आणि सोसायटीत पेढेही वाटून झाले होते. "बॅट तरी नेते," मी म्हटलं. बाबा वरूनच म्हणाले, "बर्फात काय खेळणार आहेस? राहू दे इथेच." मला कळायला लागल्यापासून ते मला कॅप्टन म्हणत आले होते. त्या दिवशी दारात म्हणाले, "नीट जा, शलाका." काय राहून गेलं ते मला टॅक्सी हायवेला लागल्यावर कळलं.

बिल्डिंगच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे मुलुंडलाच राहिले आणि जे माझ्यासारखे पांगले, त्यांना आपलं कंपाउंड आठवत असेलच. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला स्कूटरींची रांग, आणि मध्ये उरलेली बोळवजा जागा म्हणजे आपलं स्टेडियम. बॉल हवेत गेला की पाटणकर काकूंची खिडकी ठरलेली, म्हणून हवेतला फटका म्हणजे सरळ आऊट. आणि जागा इतकी चिंचोळी की बॅट्समनला बाद करणं मुश्किल, म्हणून तो दुसरा नियम: एक टप्पा पडलेला बॉल कुणी एका हातात झेलला, तरी आऊट. बाबा रविवारी सकाळी लुंगी नेसून प्लास्टिकच्या खुर्चीत अंपायर म्हणून बसत. ऑफिसात साहेबांपुढे त्यांचा आवाज फुटत नसे, असं आई म्हणायची. कंपाउंडात मात्र त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी आठवीत असताना एकदा रडून गोंधळ घातला होता, की एका टप्प्याला कुठे आऊट असतं, टीव्हीवर तर नसतं. बाबा शांतपणे म्हणाले, "टीव्हीवर पाटणकरांची खिडकी आहे का?"

त्यांना मी भारताची कॅप्टन झालेली हवी होते. हे ते हसत हसत बोलत, पण गंमत नव्हती ती. नोकरी सांभाळून ते पहाटे मला नेट्सना सोडत, पॅड माझ्याआधी स्वतः बांधून बघत. मुंबईच्या संघात पोचले, तेही बहुतेक वेळा राखीव म्हणून पाणी द्यायला. पुढे गाडी सरकली नाही. चोविसाव्या वर्षी मी नोकरी निवडली, तीही परदेशातली, आणि बाबांनी घरात क्रिकेट लावणं बंद केलं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडलेच नाहीत.

फिनलंडचा पहिला हिवाळा मी कूकरच्या शिट्ट्यांवर काढला. शेजारच्या बाईने शिट्टी ऐकून फायर अलार्म समजून दार ठोठावलं होतं, तेवढीच काय ती ओळख. उन्हाळा आला आणि ऑफिसमागच्या मैदानात क्रिकेटची मॅट अंथरलेली दिसली. काही बायका खेळत होत्या. एक कोलंबोची नर्स, दोघी-तिघी आपल्याकडच्या, आणि बाकी चक्क फिनिश, तिथल्या बेसबॉलसारख्या खेळातून आलेल्या. त्यांच्यातली मारित नावाची शाळामास्तरीण बॉल असा फेकायची की हाताला झिणझिण्या याव्यात. मी उधारीची बॅट घेऊन उभी राहिले आणि पहिलाच बॉल जमिनीलगत सरळ काढला. इतक्या दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

हळूहळू रहिवास झाला, कागदपत्रं झाली, आणि त्या मॅटवर खेळणाऱ्या आम्हीच देशाचा संघ आहोत हेही मला उशिराच उमगलं. उगाच मोठं चित्र उभं करू नका. आमचा राष्ट्रीय संघ आपली मॅट आपणच अंथरतो आणि सामन्याच्या दिवशी डबे घरून आणतो. माझं थालीपीठ आता संघाचा अधिकृत आहार आहे. दोन वर्षांपूर्वी मला कॅप्टन केलं. धाव घेताना माझ्या तोंडून मराठीच निघतं, त्यामुळे निळ्या-पांढऱ्या जर्सीतल्या गोऱ्यापान बायका आता एकमेकींना "पळ, पळ!" आणि "थांब!" म्हणून ओरडतात. मारितला एका गोष्टीचं मात्र नवल वाटतं. ती म्हणते, एवढं मैदान मोकळं पडलंय, तू बॉल उचलून का मारत नाहीस? काय सांगू तिला? मला अजून डीप मिडविकेटला पाटणकर काकूंची खिडकी दिसते.

कॅप्टन झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आई ओरडलीच. बाबा म्हणाले, "बरं झालं. जेवलीस का?" पुढेही तेच. सामने मोबाइलवर दिसतात म्हणून आईला लिंक पाठवायचे. ती म्हणायची, "मी बघते गं, हे आत असतात." मला राग यायचा. मग वाईट वाटायचं. एका देशाचं राष्ट्रगीत मी वरणाला फोडणी देता देता पाठ केलं, सगळ्यांच्या पुढे उभी राहून ते म्हटलं, आणि ज्या माणसाने मला कॅप्टन केलं त्याच्या लेखी मी अजून पळून गेलेलीच होते.

मधल्या काळात आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आईबाबा त्याच रस्त्यावर भाड्याच्या जागेत आहेत. गेल्या खेपेला मी पाहायला गेले, तर पत्र्याच्या कुंपणाआड नुसता खड्डा होता. टाकी नाही, स्कूटरींची जागा नाही, खेळायचं कंपाउंडही नव्या नकाशात नाही. बाबा शेजारी उभे होते. 

आणि मग या उन्हाळ्यातला तो सामना. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर घरी. थोड्या धावा हव्या होत्या आणि मी खेळपट्टीवर होते. मी बॉल कव्हरकडे ढकलला. एक टप्पा पडला, त्यांच्या पोरीने झेप घेऊन तो एका हातात अलगद घेतला, आणि मी बॅट काखेत मारून चालायला लागले. खरंच सांगते, मनात शंकासुद्धा आली नाही. इतका सुंदर झेल, मग आऊटच की! मारित समोरून "थांब! थांब!" म्हणून बोंबलत होती. कीपरने स्टंप उडवले. पण अंपायर मध्ये पडले, डेड बॉल दिला आणि मला परत बोलावलं. आपण बाद झालो अशा गैरसमजाने कुणी निघालं तर परत बोलवायचं, असा नियमच आहे. "कुठे निघाली होतीस?" त्यांनी विचारलं.  परत येऊन उभी राहिले आणि जमिनीलगतच खेळत सामना संपवला. जिंकलो.

ड्रेसिंग रूममध्ये कल्ला चालला होता तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. घरात जुन्या बिल्डिंगमधली मंडळी जमली होती, पाटणकर काकूसुद्धा. आई काही बोलणार इतक्यात फोन कुणीतरी तिच्या हातातून ओढला. बाबा होते.

"कोण तो अंपायर?"

"बाबा, तुम्ही बघत होतात?"

"ते सोड. टप्पा एकच पडला ना?"

"हो."

"बॉल एका हातात घेतला ना तिने?"

"हो, पण बाबा..."

"मग आऊट. निघालीस ते बरोबर निघालीस. त्याने बोलावलं म्हणून परत कशाला गेलीस?"

"अहो बाबा, इथे नियम वेगळा आहे."

"नियम मला शिकवू नकोस, कॅप्टन."

मागे सगळे हसले. मला पुढचं काही दिसेना. मारित बाहेर आली, माझा चेहरा बघून घाबरली आणि "वाईट बातमी का?" म्हणाली. मी नकारार्थी मान हलवली आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं? पूर्वी मी पत्ता सांगायचे. आता तिथे खड्डा आहे, आणि उद्या टॉवर होईल. इथे त्या सामन्याच्या स्कोअरकार्डवर माझ्या नावापुढे नाबाद लिहिलंय, संघाने ते फ्रेम करून मला दिलं, आणि ते हॉलमध्ये लावलंय. येणारे-जाणारे कौतुक करतात. मी कीतोस म्हणते, म्हणजे इथल्या भाषेत थँक्यू. पण घरी मी आऊट आहे.