दातवाल्या काकूंची टू-स्ट्रोक

गाडीवर बसण्याआधी काकू दर वेळी उलटी करत. नवा रायपूरच्या मोकळ्या लाल मुरमावर गाडी टेम्पोतून उतरवली की हेल्मेट सीटवर ठेवून त्या बाभळीमागे जात, ओकत, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरत आणि रुमालानं तोंड पुसत परत येत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी बाधलं असेल. "बाधलं नाही, भेव लागते," काकू म्हणाल्या. पेशंटला दाढ किडल्याचं सांगावं तसा सूर होता. "इतकी वर्षं झाली, तरी दर खेपेस नव्यानं लागते. काढून टाकलं का पोट हलकं राहते."

समता कॉलनीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, खणखणीत आवाजाच्या. सगळे त्यांना दातवाल्या काकू म्हणत. दवाखान्यामागच्या खोलीत, दातांचे साचे ठेवलेल्या फळीखाली, त्यांची परदेशी बनावटीची अडीचशे सीसीची डर्ट बाइक उभी असे. तिला दिवा नव्हता, नंबर नव्हता, आरसे नव्हते. ती फक्त मातीत पळवायची गाडी होती. काकू मैदानावर निघाल्या की काका चपला घालून हनुमानाच्या देवळात जाऊन बसत आणि त्या परत आल्याचा फोन येईपर्यंत तिथून हलत नसत.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती माझ्याच पत्रकामुळे. बाबा रेल्वेत, युनियनवाले. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. मला अक्षरं कळायला लागली तीच 'कामगार बंधूंनो, भिऊ नका' या ओळीवरून. भीती हा आमच्या घरात मालकाच्या बाजूचा शब्द होता. शहरात हिवाळ्यात मोटरसायकलींची मातीवरची शर्यत भरे आणि तीत बायकांची फेरी नसे. नव्या राजधानीत जुनाच अन्याय! मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, मराठी वस्तीच्या ब्राह्मणपाऱ्यात घरोघर वाटलं, काकूंच्या दवाखान्यातही ठेवलं. आयोजकांनी बोलावणं धाडलं तेव्हा मी भांडायच्या तयारीनं गेले. त्यांनी आधी चहा मागवला.

"अरे दीदी, हमने मना कब किया?" आयोजक म्हणाले. "डॉक्टर मैडम तो कितने साल से पूछ रही हैं. पर अकेली की रेस थोड़ी होती है! एक और ले आइए, रेस पक्की."

मी मैत्रिणींकडे गेले, कॉलेजात गेले. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, गाडीवर बसायला कुणी तयार होईना. शेवटी काकूंनी माझंच पत्रक माझ्यासमोर धरलं.

"खाली नाव कोणाचं आहे?"

"माझं."

"मंग बस गाडीवर."

मी म्हणाले, मला फक्त स्कूटी येते. पुढच्या वर्षी करू. काकूंनी सलवार वर करून गुडघा दाखवला. जुन्या पडण्यानं तो सुजून वाकडा झाला होता. "पुढच्या वर्षी हा बदलायचा आहे. डॉक्टरनं सांगतलं, मंग गाडी बंद. हीच एक थंडी आहे माह्याजवळ, पोट्टे." उंच गाडीला किक मारणं त्यांना आताच जमेनासं झालं होतं. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक जुनी देशी टू-स्ट्रोक पत्रे, दिवे काढून, सोलून हलकी करून घेतली होती. मोठी माझ्या वाट्याला आली.

त्या गाडीबद्दल लिहिताना आजही माझे तळहात ओले होतात. हळू चालवली तर ती अडखळत, खोकत, सुस्तावल्यासारखी चाले. मला वाटे, एवढंच ना! मूठ आणखी जराशी पिळली की मध्ये काहीच नाही, एकदम सगळं. आवाज किंचाळीत बदले, पुढचं चाक उचललं जाई, हात खांद्यातून निघाल्यासारखे होत आणि मैदान अंगावर धावून येई. पहिल्याच दिवशी मी मागच्या मागे मुरमावर आपटले. काकू लंगडत आल्या, हेल्मेट काढलं, अंगठ्यानं माझा ओठ उचलून पाहिला. "दात शाबूत आहेत. उठ."

त्यांची शिकवणी एकाच वाक्याची होती. "दोन बोटं क्लचवर." वळणावर, उडीवर, सरळ रस्त्यावर, डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून हलवायची नाहीत. का, ते विचारलं तर म्हणत, "कळन तेव्हा कळन. न कळलं तर बरंच."

गाडीला खाऊपिऊ घालण्याचं काम त्या दवाखान्याच्याच हत्यारांनी करत. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. काकू ते मोठ्या सिरिंजनं मोजून घालत. मी फेरी मारून आले की प्लग खोलत आणि तोंडात घालायच्या छोट्या आरशानं उजेड पाडून त्याचं टोक न्याहाळत. काळं आणि ओलं असेल तर इंजिनला पेट्रोल जास्त होतंय, पांढरं पडलं असेल तर ते उपाशी आहे. बिस्किटाच्या रंगाचं हवं. रंग चुकला की कार्ब्युरेटरमधला पितळेचा जेट बदलायचा. भोक जरा मोठं किंवा जरा लहान. "थंडीत हवा दाट होते," त्या सांगत, "मंग पेट्रोल कमी पडते. उपाशी इंजिन लय जोरात पळते बरं का. अन् मंग मरते."

ते मी स्वतःच्या अंगावर अनुभवलं. शर्यत जवळ आली होती. रात्रीतून शीतलहर आली आणि आम्ही सकाळी मैदानावर पोचलो तेव्हा दूरच्या सरकारी इमारती धुक्यात बुडाल्या होत्या. गाडी कधी नव्हे इतकी हलकी पळत होती. मला पहिल्यांदाच वाटलं, जमलं. मग आवाज बारीक झाला, तारेसारखा ताणला गेला आणि मागचं चाक एका झटक्यात जाम झालं. मला फक्त इतकं आठवतं की मी विचार केला नाही. दोन बोटांनी केला. क्लच दाबला गेला, चाक इंजिनपासून सुटलं, गाडी आवाज न करता घरंगळत थांबली. मी उतरले नाही. उतरता येईना. पाय गाडीला चिकटल्यासारखे झाले होते आणि दात कडकडा वाजत होते.

काकू तो गुडघा घेऊन चक्क धावत आल्या. आधी माझा डावा हात पाहिला, मग माझा चेहरा. मग खाली मुरमावर बसल्या. "माहं चुकलं," त्या म्हणाल्या. "थंडी वाढली अन् मी जेट नाही बदलला. पिस्टन चिकटला. तू मेली असती, पोट्टे. माह्यानं मेली असती." आमच्या घरी चूक नेहमी व्यवस्थेची असे. मोठ्या माणसानं आपली चूक इतक्या सरळ उच्चारलेली मी तोवर ऐकली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "तुले आता नको वाटत असन तर नाही म्हण. शर्यत गेली तर गेली." त्यांची नजर मात्र माझ्याकडे नव्हती. ती सोललेल्या गाडीकडे होती.

मी नाही म्हणाले नाही. नागपूरहून नवा पिस्टन आला.

पुढे गुडघा बदलला, तो छान बसला आणि तरीही काकू फार दिवस राहिल्या नाहीत. झोपेत हृदय थांबलं. दवाखाना आता दुसऱ्या डॉक्टरांचा आहे. पण मला त्या आठवतात त्या शर्यतीच्या दिवशीच्या.

लाउडस्पीकरवर माणूस ओरडत होता, "अब देखिए दो बहादुर महिलाएँ, जिन्हें डर नाम की चीज़ नहीं पता!"

"याले कोणी सांगतलं?" काकू पुटपुटल्या. हेल्मेटच्या आत त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. दोराच्या पलीकडे गर्दीत बाबा मूठ वर करून उभे होते.

झेंडा पडला. वळणांवर काकू पुढे गेल्या. छोटी गाडी त्या सुईसारखी घालत होत्या. मी मागून, प्रत्येक उडीला डोळे मिटायची इच्छा आवरत. शेवटी लांब सरळ पट्टा आला. काकू जेमतेम गाडीभर पुढे होत्या, दुखरा पाय काठीसारखा बाहेर काढून. माझ्या खालचं इंजिन स्वच्छ गात होतं. जेट बरोबर होता, प्लग बिस्किटाच्या रंगाचा होता. मूठ पिळली असती तर मी त्यांना सहज मागे टाकलं असतं. माझा हात वळला नाही.

काकू जिंकल्या. लोक आत घुसले, आयोजकांनी कप पुढे केला. काकूंनी तो घेतला नाही. हेल्मेट काढून त्या माझ्यासमोर आल्या.

"काहून नाही सोडली गाडी?"

मी हेल्मेट काढायला लागले.

"माह्या गुडघ्याची कीव आली का तुले? हं? इतकी वर्षं थांबली मी, अन् तू मले शर्यत दान केली?" त्यांचा आवाज चिरकला. आयोजकांचा माइक आमच्या दोघींच्या मध्ये होता, चालू. कीव आली म्हणाले असते तर सगळ्या मैदानानं मला मोठ्या मनाची म्हटलं असतं. बाबांनीही. आणि काकूंनी तो कप कधीच हातात घेतला नसता.

"नाही काकू," मी म्हणाले. "भेव लागलं मले."

ते सगळ्या भोंग्यांतून गेलं. गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाबांची मूठ खाली आली. काकूंनी माझा उजवा हात हातमोज्यातून ओढून काढला आणि स्वतःच्या हातात धरला. तो पानासारखा थरथरत होता. त्यांनी तो बराच वेळ तपासला.

"खरंच भेली तू," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. वळून त्यांनी आयोजकांच्या हातातून कप जवळजवळ हिसकावून घेतला. "आणा इकडं. माह्या हक्काचा आहे तो."