शेवटची पंगत

आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला वाढणाऱ्यांची पंगत शेवटी बसते. मसालेभाताची पातेली उचलून माझे हात भरून आले होते. मी पानावर बसलो, तेव्हा शेजारचा अविनाश जेवण होऊनही अजून तिथेच बसून होता. त्याला दिसत नाही, म्हणून दरवर्षी आम्ही त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवतो. "निदान मीठ तरी वाढतो," असं तो म्हणतो आणि आम्ही म्हणतो, "तू बस रे निवांत."

"दमलास?" त्याने विचारलं.

"फार."

"ऑफिसातही मला नुसतं बसवूनच ठेवतात."

इतकी वर्षं आम्ही एका मजल्यावर राहतोय आणि तो अजून आमचा पाहुणाच.

"मला एकदा या पंगतीला बसायचंय रे," तो म्हणाला. "तुझ्यासारखं, दमून."