उजव्या हाताची काळजी

दिगूच्या घरून फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडे सुनीतावहिनी होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी या. हे गेलं..." एवढंच. मला आधी काही कळलंच नाही, आणि जे कळलं ते चुकीचं कळलं. मी विचारलं, "गाडी कुठं पडली?" मग वहिनी म्हणाल्या, "गाडी दारातच हाय, भावजी."

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. तो प्रश्न आठवला की अजून अंगावर काटा येतो. पण माझ्या तोंडून दुसरं काय येणार होतं? दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, मोटरसायकलवर अर्धा देश हिंडलेला माणूस. त्याला काही झालंच तर ते रस्त्यावर होईल, असं आम्ही सगळ्यांनी मनात धरून ठेवलं होतं. आणि तो गेला घरातल्या खुर्चीवर, बुटाची नाडी बांधता बांधता. कऱ्हाटीच्या एका मळ्यात पंपाचं काम होतं, तिकडे निघाला होता. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसरी तशीच लोंबत होती. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

आम्ही दोघंही निरवांगी गावचे, एका शाळेत एका बाकावर बसलेलो. पुढे मी इंदापुरात विज्ञानाचा मास्तर झालो आणि दिगूनं आयटीआय करून बारामतीत लेथचा कारखाना टाकला. कारखाना कसला, पत्र्याची एक खोली आणि धातू कातायच्या दोन लेथ. विशीत असताना काम करता करता त्याचं उजवं मनगट मोडलं आणि जुळलं ते जरा वाकडंच. एरवी त्याचं काही अडायचं नाही. पण मोटरसायकलला रेसची मूठ उजव्याच हाताला असते, आणि ती सोडली की गाडी मंदावते. म्हणजे लांबच्या रस्त्यावर तासन् तास हात पिळूनच धरायचा. आम्ही पहिल्यांदा गोकर्णाला निघालो तेव्हा कोल्हापुरात चहाला थांबलो. दिगूला उजव्या हातानं कप उचलता येईना. बोटं पांढरी पडली होती. त्यानं डाव्या हातानं चहा प्यायला, त्या बोटांकडे बघत बसला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याचं कायतरी केलं पायजे."

तिथून पुढची चौदा वर्षं तो ह्याचं कायतरी करत राहिला. आधी मुठीवर एक रबरी रिंग चढवली. मूठ जड झाली, हात सोडला तरी ती हळूहळू परतायची, पण उन्हात रबर ढिलं पडलं. मग पुण्याहून प्लास्टिकची एक पट्टी आणली. ती मुठीवर बसते, तळवा नुसता टेकवला की रेस धरली जाते, बोटं मोकळी राहतात. पट्टी मला आवडली होती. त्याला नाही आवडली. रस्त्यात खड्डा आला की तळवा दाबला जातो आणि नको तिथं गाडी उडी मारते, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं लेथवर पितळेचं एक कडं कातलं. दोन अर्ध्या भागांचं, मधे स्क्रू. अंगठ्यानं स्क्रू फिरवला की कडं मूठ धरून ठेवायचं आणि मिनिटभर हात झटकायला, बोटं उघडमीट करायला मिळायची. पहिल्यांदा उजवा हात मोकळा सोडून तो इतका खूश झाला होता की इंदापूरपर्यंतच्या रस्त्यात त्यानं भेटेल त्याला हात करून दाखवला.

ओळखीतल्या अकरा जणांना त्यानं ती कडी बसवून दिली. माझ्याही गाडीला होतं. त्याच वर्षी उसाच्या हंगामात मी इंदापूरहून बारामतीला निघालो. कडं घसरत होतं म्हणून मी स्क्रू जरा जास्तच आवळला. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. मी मूठ मागं फिरवली, मूठ फिरेना. ब्रेक दाबतोय आणि इंजिन पुढं ओढतंय. कसं सुचलं माहीत नाही, हँडलवरचं लाल बटण दाबलं, गाडी बंद पडली, आणि ट्रॉलीच्या मागं लोंबणारे उसाचे शेंडे माझ्या हेल्मेटला घासले तेव्हा मी थांबलो होतो.

हे मी दिगूला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. लेथ बंद करून खाली जमिनीवरच बसला. मी म्हणालो, चूक माझी आहे, मीच आवळलं. त्यावर तो एवढंच म्हणाला, "तुला आवळता आलं, ही माजी चूक."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं ती अकराही कडी परत गोळा करायला घेतली. फोन करून भागलं असतं, पण त्याला ते चालणार नव्हतं. प्रत्येकाच्या दारात जाऊन, स्वतःच्या हातानं काढून घेतलं. मोरगावचा एक जण देईना, म्हणाला मला काही त्रास नाही. दिगू त्याच्या ओसरीवर दुपारपर्यंत बसून राहिला आणि घेऊनच उठला. एक जण नोकरीनिमित्त नागपूरला गेला होता. दिगू नागपूरला गेला. दुखऱ्या मनगटानं, कड्याशिवाय. परत आला तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग पाच महिने खपून त्यानं नवीन कडं केलं. आत नायलॉनचा पट्टा, आणि स्क्रू ठराविक जागी येऊन थांबायचा, त्यापुढे कितीही जोर लावा, फिरायचाच नाही. मूठ धरलेली राहायची, पण हातानं मागं फिरवली की निमूट परतायची. गावात, गर्दीत आणि ओल्या रस्त्यावर लावणार नाही, असं वदवून घेतल्याशिवाय तो ते कोणाला देत नसे.

गेल्या वर्षी अकलूजचा एक तरुण रायडर नवी गाडी घेऊन आला. तिला कंपनीचंच क्रूझ कंट्रोल होतं. बटण दाबलं की गाडी आपोआप वेग धरून ठेवते. तो जरा चिडवायलाच आला होता, काका, आता तुमचं कडं कोण घेणार म्हणून. दिगूनं चावी मागितली आणि गेला तो तासाभरानं आला. डोळे चमकत होते. मला फोन करून सांगत होता की आपलं कडं नुसती मूठ धरून ठेवतं, चढ आला की गाडी मरगळते, उतार लागला की पळत सुटते. ही गाडी चढ ओळखते, आपणहून जोर लावते, आणि ब्रेकला बोट लागलं की सोडून देते. आपल्या मेहनतीवर पाणी पडलं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला आनंद झाला होता तो हात सुटल्याचा, मग तो कोणाच्याही हुशारीनं सुटो.

आता जे लिहायचं आहे ते लिहिणं मी सात आठवडे टाळलं...

तो जाण्याच्या बारा दिवस आधी, रविवारी, आम्ही मोरगावला गेलो होतो. दर्शन घेतलं, बाहेर टपरीवर चहा घेतला. दिवाळीच्या सुट्टीत कन्याकुमारीला जायचं ठरत होतं. दिगू खांदा चोळत होता. म्हणाला, "मास्तर, उजव्याचं भागलं. आता हा डावा दुकाया लागलाय. खांद्यापासनं खाली."

मी हसलो. म्हणालो, "मग आता क्लचला एक कडं कर."

तोही हसला. आणि त्याचा स्वभावच तो, लगेच विचारात पडला. क्लचचं अवघड आहे, तिथं धरून ठेवून चालत नाही, स्प्रिंग हलकी करता येईल का बघायला पाहिजे, असं बोलत बोलत आम्ही उठलो.

मी विज्ञान शिकवतो. हृदयाचा धडा दर वर्षी शिकवतो. डाव्या हाताच्या दुखण्याबद्दल मुलांना फळ्यावर लिहून देतो. चौदा वर्षं आम्ही दोघं एका उजव्या हाताची काळजी करत होतो, आणि डावा हात बोलला तेव्हा मी विनोद केला.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही त्रास होता का, छातीत, हातात. वहिनींनी मान हलवली, नाही म्हणून. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

मागच्या आठवड्यात वहिनींनी कारखाना उघडायला बोलावलं. भाडेकरू ठरला होता, त्याआधी आवरावं लागणार होतं. आत तेलाचा आणि पितळेच्या किसाचा वास तसाच होता. दोन स्टुलं होती, त्यांवर आम्ही बसलो. मला राहवेना. मी त्यांना सांगितलं, वहिनी, त्याचा हात दुखत होता. मला मोरगावात म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, "मलाबी म्हनले हुते. मी रोज बाम चोळत हुते, भावजी. क्लचनं भरून आला आसंल म्हनायचे, मलाबी तसंच वाटलं."

बाहेरून कोणाची तरी गाडी गेली. लेथच्या चकाच्या जबड्यात पितळेचा एक तुकडा अर्धा कातलेला तसाच पकडलेला होता, कशासाठी ते आता कोण सांगणार. आवरायचं म्हणून मी उठलो आणि चक सैल करायची किल्ली हातात घेतली.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

मी किल्ली खाली ठेवली. आम्ही शटर ओढून घेतलं. भाडेकरूला त्यांनी नंतर फोन करून नको म्हणून सांगितलं.